वहिनी काय म्हणते?

"थांब जरा, वहिनी काय म्हणते ते बघतो आणि सांगतो," असं लंबू फोनवर कुणाला तरी म्हणाला, आणि धुतलेल्या चादरींच्या थप्पीमागे मी उभी होते ती उभीच राहिले. म्हणते! म्हणतात नाही, म्हणते! लंबू म्हणजे आमच्या लाँड्रीचा सगळ्यात जुना गाडीवाला. हॉटेलांतून, दवाखान्यांतून मळके कपडे आणायचे आणि धुतलेले पोचवायचे, हे करता करता त्याचे केस पिकले, पण 'अहो वहिनी' सोडून दुसरी हाक मी त्याच्या तोंडून ऐकलेली नाही. त्याची मुलगी तापानं फणफणली होती तेव्हा गाडी कुठे वळवायची, कुठल्या डॉक्टरला गाठायचं, हे मीच त्याला फोनवर सांगितलं होतं, आणि मुलगी शुद्धीवर आल्यावर हा एवढा खांबासारखा माणूस माल चढवायच्या ओट्यावर बसून हुंदके देत रडला होता. आणि आज मी म्हणते झाले. एवढासा शब्द, त्याची एवढीशी शेपटी, पण माझी सगळी अब्रू त्या शेपटीला बांधलेली होती हे ती तुटल्यावर कळलं. कानांच्या पाळ्या तापल्या. इस्त्रीच्या रुळांतून नुकत्याच आलेल्या चादरींची ऊब पोटाला लागत होती, खळीचा गोडूस वास नाकात बसला होता, आणि मला वाटलं, कुठेतरी जाऊन आधी तोंडावर पाणी मारावं.

पण गप्प बसेन तर ती मी कसली! "काय रे," मी थप्पीमागून पुढे झाले, "म्हणते काय? कालपर्यंत मी म्हणतात होते ना?" लंबूच्या हातातला फोन पडता पडता वाचला. "अहो वहिनी, तुम्ही नाही! तुम्हाला कसं म्हणेन मी? ती वहिनी." आणि त्यानं फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर निळी चौकट होती. वर नाव, वहिनी. खाली लंबूचा प्रश्न, पुढची फेरी कुठली. त्याच्याखाली उत्तर, कसं शहाण्या बाळासारखं, नीटनेटकं, की पूल बंद आहे, नदीकाठच्या रस्त्यानं जा, मोठं हॉटेल आधी घे, तिथे टॉवेल संपत आलेत. "मॅडमनी सिस्टीमला नाव दिलंय," लंबू म्हणाला. मॅडम म्हणजे माझी धाकटी जाऊ. "सिस्टीम सिस्टीम म्हणायला जड जायचं. आता बरं पडतं. काही अडलं की सगळे म्हणतात, वहिनीला विचार." "सगळे?" "सगळे." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याला काहीतरी उमगलं असावं. "तुमचंच नाव आहे, वहिनी. मान आहे तुम्हाला." मान म्हणे! माणूस धडधाकट असताना त्याचं नाव कुणी बाकड्याला देतं का? बागेतल्या बाकड्यांवर ज्यांची नावं असतात ती माणसं कुठे असतात, हे काय मला माहीत नाही?

मी लोखंडी जिना चढून ऑफिसात आले. आमचं ऑफिस म्हणजे धुण्याच्या दालनाच्या डोक्यावर बांधलेली काचेची खोली. खाली सगळं दिसतं, पोटात कपडे घेऊन गरगरणारी यंत्रं, वाफ, लांब टेबलाशी उभ्या राहून चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायका. माझ्या टेबलावर काळा फोन आहे, वायरचा. पूर्वी तो सकाळपासून कोकलायचा. आणि मी त्याच्यावर डाफरायचे, मेल्या, घोटभर चहा तरी घेऊ दे, असं. आता चहा घ्यायला हवा तेवढा वेळ आहे आणि फोन असा पडून असतो की मधूनच मी तो उचलून कानाला लावून बघते, जिवंत आहे का. आहे. गुरगुरतो. कुणी करत नाही एवढंच. तेव्हा फोन उचलल्यावर समोरच्यानं नुसता श्वास घेतला तरी मला कळायचं की मोठ्या हॉटेलची मुकादमीण आहे आणि लग्नाचं वऱ्हाड उतरलंय आणि उशांचे अभ्रे कमी पडलेत. कुणाला रागवायचं, कुणाला गोंजारायचं, कुणाकडून दहा टॉवेल उसने काढून कुणाचं तोंड बंद करायचं, हे सगळं माझ्या डोक्यात. खालून कुणी ना कुणी ओरडायचं, "हे कुठे जायचंय?" आणि दुसरं कुणी ओरडायचं, "वहिनींना विचार!" दिवसभर, वाफेतून वर येणारं हे एकच वाक्य. वहिनींना विचार. आता वाटतं, मी त्या वाक्यावर जगत होते. त्याआधी या खुर्चीत सासूबाई बसायच्या. त्यांनी मला कधी काही सांगितलं नाही. मी खोलीच्या एका कोपऱ्यात स्टुलावर बसून नुसती बघायचे, कुणाशी त्या कशा बोलतात, फोन ठेवल्यावर तोंड कसं करतात. त्या आजारी पडल्या आणि एके सकाळी मी त्या खुर्चीत जाऊन बसले, कुणी बस म्हणालं नाही, कुणी ऊठ म्हणालं नाही. पहिला फोन वाजला तेव्हा माझे तळहात असे भिजले होते की फोन निसटत होता. पण उत्तर बरोबर दिलं. कमावलेली खुर्ची आहे ही. कुणी ताटात वाढून दिलेली नाही.

जावा जावा उभा दावा असं म्हणतात ते उगीच नाही. पण दावा मांडायला समोरचीनं भांडायला तर हवं! ही भांडतच नाही. लग्न होऊन आली तेव्हा संगणकाच्या कंपनीतली तिची नोकरी चालू होती, मी म्हटलं चला, ही सकाळी जाईल, संध्याकाळी येईल, आपल्या वाटेत नाही. तर वर्ष उलटायच्या आत नोकरी सोडून ही लाँड्रीत. भावजींनी काही म्हणायच्या आधी आमच्या यांनीच उचलून धरलं, शिकलेली आहे, येऊ दे. आली. हाताला काही लागलं तर पुसायचं भान नाही, केस असे वर गोळा करून पेन खुपसलेलं, आणि ती लांब मान. काही विचारलं तर खुशाल म्हणायची, "माहीत नाही, बघते." माहीत नाही! मालकाच्या घरातली बाई सगळ्यांदेखत म्हणते माहीत नाही, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही! मी आयुष्यात ते दोन शब्द या जिन्यावर उच्चारले नाहीत. माहीत नसलं तरी मी म्हणायचे, "थांब, सांगते," आणि मग धावाधाव करून माहीत करून घ्यायचे. घडीवाल्या बायका टेबलाशी तिला जागा करून द्यायला लागल्या. ती त्यांच्याबरोबर घड्या घालता घालता काहीबाही विचारायची आणि त्या हसायच्या. वरून काचेतून मला नुसती हसणारी तोंडं दिसायची, ऐकू काही यायचं नाही. काय बोलत असतील, याचा मी इतका विचार करायचे की समोरच्या फोनवर दोनदा 'काय म्हणालात?' म्हणायची पाळी यायची.

आणि खरं सांगायचं तर तिनं लाँड्री वाचवली. हे मी स्वतःशी म्हणते, मोठ्यानं म्हणणार नाही. गावाबाहेर नवा कारखाना निघाला होता, आमच्यापेक्षा मोठा, आणि आमची हॉटेलं एकेक करून तिकडे सरकत होती. चादरी हरवल्या म्हणून भांडणं, वेळेवर आल्या नाहीत म्हणून भांडणं. मी फोनवर भांडून एक परत आणायचे तोवर दुसरं जायचं. धाकटीनं चादरीचादरीच्या शिवणीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप शिवून घेतली. आता दाराच्या चौकटीतून गाडा ढकलला की आत काय काय आहे ते आपोआप मोजलं जातं, कुणाचं काय, कुठे अडकलंय, सगळं. हॉटेलांचे संगणक आमच्या संगणकाशी बोलतात. उद्या कुठे किती पाहुणे उतरणार हे आम्हाला आजच कळतं. "पाहुण्यांना कळायच्या आधी आपल्याला कळतं," आमचे हे जेवताना म्हणाले आणि सगळे हसले. गाड्या नकाशावर ठिपके होऊन फिरतात. बॉयलरलासुद्धा नाडी बघायचं यंत्र लावलंय. गेलेली हॉटेलं परत आली, वर बायकांचं मोठं हॉस्पिटल मिळालं, आणि हे रोज जेवताना, "काय डोकं आहे हो तिचं!" आम्हीही डोकंच चालवलं ना इतकी वर्षं? का फोन कोपरानं उचलत होतो? मला कधी म्हणालात असं? पोटात दुखणं म्हणतात ते खरंच पोटात असतं, हे मला तेव्हा कळलं, बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला. मी डॉक्टरांना दाखवलंसुद्धा. ते म्हणाले, काही नाही, हवा आहे.

मी रोज तिचं काहीतरी फसायची वाट बघत होते. वाईट वाटायचं पण बघत होते. एखादी गाडी चुकीच्या दारात जाईल, मोठं हॉटेल बोंबलेल, काळा फोन वाजेल, आणि सगळे जिना चढून वर येतील, 'वहिनी, आता तुम्हीच बघा.' मी ते चित्र इतक्या वेळा रंगवलं होतं की त्यात हे कुठल्या पायरीवर उभे असतील तेसुद्धा ठरलेलं होतं. धाकटी सगळ्यात खाली. पण काही फसायचं नाही. म्हणजे फसायचं, आणि कुणाला कळायच्या आत सावरलेलंही असायचं. त्यातून आज हे नाव. नाव तेवढं माझं उरलं होतं, तेही उचललं बयेनं, आणि मला विचारलंसुद्धा नाही.

मी अशी धुमसत बसले होते, आणि एकदम काहीतरी चुकल्यासारखं झालं. आधी कळेना काय. मग कळलं, नळ्यांचा आवाज थांबलाय. भिंतीतून, छतातून वाफेच्या नळ्या जातात, त्यांची एक घरघर असते. ती इतकी कायमची की कानाला ती शांतताच वाटते. ती गेली आणि खरी शांतता आली, कशी उघडीबोडकी. खाली इस्त्रीचे रूळ फिरत होते पण चादरी ओल्याच बाहेर पडत होत्या. घडीवाल्यांचे हात थांबले. कुणीतरी ओरडलं, "बॉयलर गेला!" आणि देवा, काय सांगू, माझं काळीज आनंदानं उडालं. गेला! बॉयलर गेला म्हणजे वाफ नाही, वाफ नाही म्हणजे सुकवणं नाही, इस्त्री नाही, काही नाही. हॉस्पिटलच्या चादरी सगळ्या ओल्या, आणि तिथे दुपारी ऑपरेशनं. हे आणि धाकटी धावत बॉयलरच्या खोलीकडे गेलेले मला वरून दिसले. आता बघू तुझी चिप काय करते! आता माणसं लागतील, ओळखी लागतील, तोंड लागेल. मी पदर खोचल्यासारखी खुर्ची पुढे ओढली आणि फोन उचलला. बोटांना हॉस्पिटलचा नंबर पाठ होता.

"मेट्रनबाई, मी लाँड्रीतून बोलतेय, हे बघा घाबरू नका," मी सुरुवात केली, माझ्या त्या आवाजात, जो मी अशाच दिवसांसाठी राखून ठेवलेला असतो. "नाही नाही, घाबरायचं काय," मेट्रन म्हणाली. "आलाय की निरोप वहिनीचा. सकाळपासून तुमच्या बॉयलरचा दाब कमी होतोय हे तिला दिसलं होतं म्हणे. दुसरीकडून चादरींची सोय बघतेय म्हणे ती आमच्यासाठी. बरं, ठेवू? जरा घाईत आहे." मी मोठ्या हॉटेलला लावला. तिथली मुकादमीण म्हणाली, "कळलंय, वहिनी, कळलंय, पलीकडच्या लाँड्रीत पाठवताहेत ना आमचा माल? मी हो म्हटलंय." पलीकडची लाँड्री! ज्यांच्याशी आमचं पिढीजात वाकडं, त्यांचीही यंत्रं धाकटीनं जोडून घेतली होती. त्यांची दुपारी रिकामी असतात हे तिच्या संगणकाला ठाऊक, त्यांनाही काम हवंच होतं. कुणी कुणाच्या पाया पडलं नव्हतं. मी असते तर रडून, रागावून, जुन्या उपकारांची आठवण करून देऊन हेच घडवून आणायला मला संध्याकाळ झाली असती, घसा बसला असता, आणि त्या बसलेल्या घशानं मी जेवायला बसले असते आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. मी फोन खाली ठेवला. मला आणखी कुणाला करायचा ते सुचेना.

तेवढ्यात धाकटीच्या टेबलावरचा संगणक टिंग झाला. मी तिकडे कधी बघत नाही. पण खोलीत मी एकटी आणि तो एकटा, दुसरं बघायला काय होतं? निळी चौकट. वर माझं नाव. खाली लिहिलं होतं, टेकडीवरच्या हॉटेलात खोल्या रिकाम्या आहेत, त्यांच्या धुतलेल्या चादरी हॉस्पिटलला देता येतील, हॉटेलचा होकार आलाय. लंबूची गाडी वळणाजवळ आहे, वळवू का? आणि दोन चौकोन, हो आणि नाही. धाकटीनंच ठरवलेलं होतं, एकाचा माल दुसऱ्याला द्यायचा तर आमच्यातल्या माणसाचा होकार लागेल, यंत्रानं आपल्या मनानं करायचं नाही. बॉयलरच्या खोलीला जाड लोखंडी भिंती, तिथे तिचा फोन लागत नाही. म्हणून प्रश्न इथे आला होता. नकाशावर लंबूचा हिरवा ठिपका वळणाकडे सरकत होता. वळण गेलं की पुढे लांबवर परत फिरायला जागा नाही, तो रस्ता मला पाठ आहे. मी तिच्या खुर्चीत बसले. तिची खुर्ची माझ्यापेक्षा उंच होती, पाय नीट टेकेनात. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

काही करायचंच नव्हतं. नाही दाबायचं नव्हतं, मोडायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. मला काय कळतंय त्यातलं, मी कधी हात तरी लावते का त्याला? कुणी मला बोल लावला नसता. ठिपका पुढे गेला असता, हॉस्पिटलात चादरी कमी पडल्या असत्या, मेट्रननं फोन केला असता, या काळ्या फोनवर, ओरडत, आणि मी म्हटलं असतं, थांबा, मी बघते. किती दिवसांनी! माझ्या जिभेवर ते वाक्य आलंसुद्धा, त्याची चव लागली. पण बायका होत्या हो तिथे, टेबलावर निजवलेल्या. माहीत होतं मला. मीही निजले होते एकदा तशी, गार टेबलावर, आणि अंगाखालच्या चादरीला आमच्याच खळीचा वास आला होता आणि त्या वासाचा मी हात धरल्यासारखा आधार धरला होता. ते मूल राहिलं नाही. वास लक्षात राहिला. हे सगळं आठवत होतं आणि तरीही माझे हात मांडीवरून उठत नव्हते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघत होते, की बघा, ही बाई उठत नाहीये. माझी मलाच भीती वाटली. मग पुन्हा टिंग झालं. वळवू का? तीच अक्षरं, तसाच सूर, ना राग, ना घाई, ना 'मघाशी विचारलं होतं, ऐकू आलं नाही का?' आज अख्ख्या दिवसात मला काही विचारलेलं असं हे एकच होतं आणि ते माझंच नाव लावून बसलेलं यंत्र होतं. मी हो दाबलं. इतक्या जोरात दाबलं की बोट दुखलं. ठिपका वळला.

पुढे सगळं तसंच झालं जसं व्हायचं होतं. बॉयलरच्या झडपेतला रबरी पडदा फाटला होता, कारागीर आधीच वाटेत होता, कारण त्यालाही कुणी फोन न करता कळलेलं होतं. खाली बायका चहा पीत बसल्या. कुणाचा श्वास चढलेला नव्हता. आपत्ती आली आणि लोक चहा पीत होते, आणि त्या दृश्याचाही मला मत्सर वाटला, आमच्या वेळी अशा दिवशी कुणाला पाणी प्यायला मिळालेलं नाही. मग काळा फोन वाजला. इतक्या दिवसांनी वाजल्यावर त्याचा आवाज केवढा मोठा वाटला! मेट्रन होती. "पोचल्या हो चादरी. वेळेवर. मघाशी घाईत बोलले, रागावू नका. पण वहिनी म्हणजे अगदी कमाल आहे. एकीकडे बॉयलर बंद आणि दुसरीकडे आमच्या दारात गाडी हजर! मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी फोन करून वहिनीचे आभार माना." सांगायला हवं होतं की ते यंत्र, ती सिस्टीम, ती माझी जाऊ. ओठावर आलं होतं का? नाही, खोटं कशाला बोलू. ओठावर दुसरंच आलं. "अहो, आभार कसले," मी म्हटलं, अगदी मऊ, अगदी थकल्या आवाजात, "एवढं तर करायलाच हवं." आणि बरगड्यांखालचं ते दुखणं, डावीकडचं, क्षणभर विरघळल्यासारखं थांबलं. मी फोन ठेवला आणि वळले, तर जिन्याच्या टोकाशी धाकटी उभी. गालाला काळं लागलेलं, केसांतलं पेन निसटून खांद्यावर आलेलं. किती वेळ उभी होती कोण जाणे. सगळं ऐकलं होतं, तोंडावरून कळत होतं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं मीच आधी तोंड सोडलं. "माझं नाव कुणाला विचारून दिलंस त्या डबड्याला? आं? गाडीवालेसुद्धा आज मला अगंतुगं करताहेत. घरात मोठी कोण आहे, विचारायची काही पद्धत?" ती पदरानं नाही, बाहीनं गाल पुसत म्हणाली, "खरंय. विचारायला हवं होतं." बस. एवढंच. भांडेल तर शपथ! मला आणखी चेव आला. "विचारशील कशाला? तू मला कधी काही विचारतेस? साधं एवढंसं तरी? आल्यापासून एकदा तरी आलीस माझ्या टेबलाशी, की वहिनी, हे कसं करायचं?"

"आले होते," ती म्हणाली. अगदी साधं बोलली, वेळ सांगावी तसं. "सुरुवातीलाच. दवाखान्याचे हिरवे कपडे वेगळे का धुवायचे, ते विचारायला. तुम्ही म्हणालात, मला काय विचारतेस, तुझ्या संगणकाला विचार की! खिडकी उघडी होती, खाली सगळ्यांना ऐकू गेलं. सगळे हसले. मीपण हसले."

मला काही आठवेना. खरंच आठवेना. असं मी म्हटलं असेन, तसं तर मी कुणालाही म्हणते, त्यात काय? माझं बोलणंच तसं आहे, मनात काही नसतं. "मग?" मी म्हटलं.

"मग संगणकाला विचारलं." ती आता माझ्याच टेबलाला टेकली, दमलेली होती. "म्हणजे त्याला कुठे काय माहीत होतं! एक लहानसं काहीतरी लिहिलं, माझ्यापुरतं. बायकांकडून, लंबूकडून जे जे कळेल ते त्यात घालायचं आणि पुन्हा विसरले की त्यालाच विचारायचं. कितीही वेळा विचारलं तरी चालायचं. नाव काय द्यायचं? इथे ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, वहिनींना विचार. म्हटलं मलाही एक असू दे. नंतर ते वाढत गेलं, गाड्या जोडल्या, हॉटेलं जोडली. नाव मात्र माझ्यापुरतं तेच राहिलं, या आठवड्यात सगळ्यांच्या पडद्यावर टाकलं. बदलते आता. तुम्ही म्हणाल ते ठेवू."

खाली नळ्यांनी एक उसासा टाकला आणि घरघर पुन्हा सुरू झाली. काचांवर वाफ धरायला लागली. मी तिच्या त्या लांब मानेकडे बघत होते, तिथेही काळं लागलं होतं, तिला कळलं नव्हतं. सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. मला त्या यंत्राचा राग आला, असा की आजवर तिचाही आला नव्हता. इतके दिवस ही एकटी बसून प्रश्न विचारत होती, पुन्हा पुन्हा, मूर्खासारखे, न लाजता, आणि ते सगळे प्रश्न त्याला मिळाले होते. माझे होते ते. मी इथे याच खोलीत, हिच्यापासून हातभर अंतरावर बसून होते, मुक्या फोनकडे बघत.

"पहिलं काय विचारलंस त्याला?" मी म्हटलं. "ते हिरव्या कपड्यांचंच?"

"नाही." ती जराशी हसली. "चालतंय का बघायला काहीतरी टाकायचं असतं पहिल्यांदा. तुम्ही हसाल."

"नाही हसत."

"विचारलं, वहिनी, मी तुम्हाला आवडत नाही का?"

काचेपलीकडे घडीवाल्या बायकांनी टोकं धरून एक चादर झटकली. "मग?" माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. "काय म्हणाली?"

"माहिती उपलब्ध नाही, म्हणाली. तेव्हा तिच्यात काही भरलेलंच नव्हतं ना."

"मला विचार," मी म्हटलं. मी उभी राहिले होते, कधी ते कळलं नाही. "आत्ता विचार. मला."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. खाली काळ्या फोनकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे, आणि केसांत पेन खुपसत म्हणाली, "राहू द्या वहिनी. आता माहितीये." आणि बॉयलर बघायला जिना उतरून गेली.